डाव्या भिंतीवरचं मेण

सोमवार, ३ तारीख

आलो बाई एकदाच्या! दोन ट्रंका, एक गादी, धाकट्या बहिणीची रफूची पेटी आणि ही वही. ट्रकवाल्याने सामान खालीच टाकलं आणि पळाला, तेव्हा दोन जिने मीच चढवलं सगळं. धाकटी म्हणत होती मी पण उचलते, मी म्हटलं तू फक्त पायऱ्या मोजून चढ, तेवढे उपकार कर. त्यावर तिने मला म्हातारी म्हटलं. चव्वेचाळीस म्हणजे काय म्हातारपण आहे?

घर बरं आहे. दोन खोल्या, पुढच्या खोलीला मोठी खिडकी. धाकटीने लगेच खिडकीखाली आपली खुर्ची ठेवली. उजेड चांगला आहे म्हणाली. म्हणजे तिला जेवढा दिसतो तेवढा. दोन वर्षांत तिच्या डोळ्यांवर वाफ चढत गेली आहे, अगदी असंच म्हणते ती, उकळत्या पातेल्यातून बघतेय असं. डॉक्टर म्हणाले नस वाळतेय, चष्म्याने काही होणार नाही. रफू करणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे काय ते माझं मला माहीत. तिचं काम असं की फाटलेली जागा नंतर आम्हालाच सापडायची नाही. आता सुई ओवायला मला हाक मारते, आणि हाक मारताना तिला राग येतो.

मला उद्यापासून कामावर जायचं आहे. बावीस वर्षं मेणबत्तीच्या कारखान्यात काढली, कारखाना बंद पडला तर पडला! मेण ओतणारीला कुठेही काम मिळतं. इथल्या देवस्थानाच्या मागे कारखाना आहे. मेणबत्त्या नाहीत, माणसाचे अवयव ओततात. हसू नये, पण मी हसले.

गुरुवार, ६ तारीख

काम हाताला बसलं. गंमतच आहे पण. फडताळावर साचे मांडलेत: हात, पाय, कान, पोट, घसा, पाठ, डोळ्यांची जोडी, काळीज. हृदयाला इथे सगळे काळीजच म्हणतात. साचा प्लास्टरचा, दोन भागांचा. आधी पाण्यात बुडवायचा नाहीतर मेण चिकटून बसतं, मग दोरीने आवळायचा, वरून ओतायचं, मेणाने कडेला साल धरली की उरलेलं परत भांड्यात. माझा पहिला पाय बघून ओतारीकाका काही बोलले नाहीत. हे इथले मुख्य कारागीर, सत्तरीचे, आणि न बोलणं हीच त्यांची शाबासकी असं खिडकीवालीने सांगितलं.

ही खिडकीवाली म्हणजे पुढच्या दालनात नाव लिहून अवयव देणारी बाई. जीभ अखंड चालू. तिनेच सगळं समजावलं. आजारी माणूस किंवा त्याच्या घरचं कोणी येतं, दुखतं तो अवयव घेतं, डाव्या भिंतीवर टांगतं. ते मागणं. बरं वाटलं की परत येतं, आपला अवयव आपल्या हाताने काढतं आणि उजव्या भिंतीवर टांगतं. ते आभार. उजवी भिंत दर बुधवारी रिकामी होते आणि ते मेण आमच्या भांड्यात येतं. डाव्या भिंतीला मात्र हात लावायचा नाही. ज्याने टांगलं त्यानेच काढायचं.

मी विचारलं, आणि तो मेला तर? काका म्हणाले मग राहतं. मी म्हटलं, म्हणजे वर्षानुवर्षं धूळ खात? कोपऱ्यात काळे पडलेले काही आहेत, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्याही गळून गेल्यात. काकांनी साचे भिजवायला घेतले.

बुधवार, १२ तारीख

आज मी एकटी. काका लेकीकडे गेलेत, पुढच्या शुक्रवारी येणार. मेणाची गाडी आलीच नाही. भांड्याच्या तळाशी उजव्या भिंतीवरून आलेलं जेमतेम चार बोटं मेण, आणि सकाळी दालनात धाडकन आवाज. डाव्या भिंतीच्या कोपऱ्यातली जुनी तार तुटली होती. नऊ अवयव जमिनीवर, बहुतेकांचे तुकडे.

मेणाच्या धंद्यात पडलेलं, मोडलेलं कधी टाकत नाहीत. गोळा करायचं, भांड्यात घालायचं, धूळ वर आली की गाळायचं. बावीस वर्षं हात तेच करत आलेत. नियम आठवला, नाही असं नाही. पण नियम टांगलेल्याचा. पडलेल्याला कसला नियम?

आणि मला मेण हवंच होतं. कामगाराला घरच्यांसाठी एक अवयव ओतून घ्यायची मुभा आहे. देवावर माझा विश्वास बेताचाच, पण धाकटीसाठी मी दगडापुढेही हात जोडीन. ते तुकडे वितळवून डोळ्यांची जोडी ओतली. इतकी सुरेख उतरली की माझं मलाच कौतुक वाटलं. उरलेल्या मेणाची वडी करून फडताळात ठेवली.

शुक्रवार, १४ तारीख

धाकटीला घेऊन गेले. तिने स्वतःच टांगले डोळे, चाचपडत, खिळा शोधत. वाटेत म्हणाली की देवाला सांगितलंय, नुसतं दिसू नकोस, मला दिसू दे. मी म्हटलं फार शहाणी आहेस.

सोमवार, १७ तारीख

दिसतंय! दिसतंय तिला!

सकाळी मी चहा गाळत होते आणि ही मागून म्हणते काय, की ताई तुझ्या मानेवर तीळ आहे तो आधी होता का. कप पडला हातातून. मग तिने सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात ओवली. तीनदा काढून तीनदा ओवली, मला दाखवायला. दोघी इतक्या रडलो की खालच्या मजल्यावरची बाई वर आली, कोणी गेलं का विचारायला. कोणी नाही गेलं, बाई! आलं, परत आलं!

देवाला मानलं आज. मोठ्या मनाने सांगते, मानलं.

बुधवार, १९ तारीख

धाकटी सकाळी उठली तर उजवा गुडघा कलिंगडाएवढा. कुठे पडली नाही, आपटली नाही. दिवसभर लंगडत होती, भिंत धरून. देवस्थानाची संध्याकाळची सहाची घंटा वाजली आणि उतरला. उतरला म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत, दोन मिनिटांत. मला आवडलं नाही ते.

गुरुवार, २० तारीख

आज कान. डाव्या कानाने काही ऐकू येईना, आत ठणका, उशीला पू. डॉक्टर सुट्टीवर. घंटा वाजली आणि थांबलं.

पण खरी गोष्ट ती नाही. जेवताना तिने मला अगदी साध्या आवाजात विचारलं की एवढी माणसं घरात का घेतलीस. कुठली माणसं? ती म्हणाली, ही काय, रांगेत उभी आहेत, दारापासून कपाटापर्यंत. काल आठ होती, आज कान धरून उभे असलेले आजोबा घंटा झाल्यावर तिला नमस्कार करून दारातून गेले, आता सात. एक जण घशाला हात लावून. एक बाई कंबर धरून वाकलेली. धक्काबुक्की नाही, बोलणं नाही. फक्त नंबर लावून उभी.

मी हसले. मग पाहिलं की ती न्हाणीघराकडे जाताना वाकडी वाकडी जाते. मोकळ्या खोलीतून. अंग चोरून, कोणाला धक्का लागू नये म्हणून.

शुक्रवार, २१ तारीख

आज घसा. पाणीसुद्धा उतरत नाही तिला.

काका आले. सगळं सांगितलं, तारेपासून. ते प्लास्टरच्या पोत्यावर बसले ते उठेचनात. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, मागणं मेणात असतं. मेण वितळलं म्हणून मागणं संपत नाही. मेलेल्यांचं तर नाहीच, त्यांना दुसरं काही उरलेलंच नसतं. ती नऊ माणसं त्या कोपऱ्यात थांबली होती. आता त्यांचं मेण जिथे टांगलंय तिथे ती गेली, धाकटीच्या डोळ्यांत. वाईट नाहीत बिचारी. त्यांना फक्त बरं व्हायचं आहे, आणि बरं व्हायला अंग लागतं. एकेक येणार, एक दिवस आपलं दुखणं तिच्या अंगात आणणार, घंटेला बरं होऊन निघून जाणार. तारेवर ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने.

मी म्हटलं, मग नऊ दिवस सोसेल ती, माझी बहीण आहे. त्यांनी विचारलं नऊ कोणते. मी बोटांवर मोजले. गुडघा, कान, घसा. पाठ, हात, पोट. पाऊल, जबडा. आणि अगदी कोपऱ्यातलं—

काळीज. नववं काळीज होतं. छोट्या साच्यातलं, मधोमध तडकलेलं. मीच उचललं ते.

काकांनी हातातली पळी खाली ठेवली. म्हणाले, ते माणूस ज्या दुखण्याने मेलं ते दुखणं आहे ते. सत्तावीस तारखेला येईल.

शनिवार, २२ तारीख

उपाय आहे, काकांनी सांगितला. धाकटीने आपले डोळे आपल्या हाताने भिंतीवरून काढायचे. मग रांग परत जाते. दृष्टीही जाते, आहे-नाही तेवढी सगळी, कायमची.

तिला सांगितलं. पाठ धनुष्यासारखी वाकलेली, उशीवर पालथी पडून कोटाची बाही रफू करत होती ती. ऐकलं आणि नाही म्हणाली. मी ओरडले. तीही ओरडली. म्हणाली दोन वर्षं मी भिंती चाचपत काढली, तू नाहीस काढली. म्हणाली मरायचं तर बघत मरेन. मी तिला वाट्टेल ते बोलले, आई गेल्यापासून तुला वाढवली ती ह्यासाठी का, इथपर्यंत. तिने सुई ओवली आणि माझ्याकडे बघितलं. मला बघत होती ती. दोन वर्षांनी कोणीतरी मला नीट बघत होतं.

मग मीच वाद सोडला. पण हात टेकले असं कोणी समजू नये.

रविवार, २३ तारीख

आज उजवा हात. बोटं वळत नाहीत. डाव्या हाताने रफू करते आहे, वेडी.

मी दुपारी दालनात गेले. डोळ्यांसमोर उभी राहिले, हात वर केला. ओरबाडून घ्यावेत, मी, माझ्या हाताने, पाप माझ्या डोक्यावर. काढले नाहीत. भीतीने नाही. तिचं ते बघणं आठवलं म्हणून.

मग देवालाच सुनावलं. मोठ्याने. लोक बघत होते, बघू देत. म्हटलं चूक माझी, मेण मी वितळवलं, हिशेब तिच्याकडे का मागतोस? हिंमत असेल तर माझ्याशी बोल. पुढच्या ओळीतल्या बाईने आपलं पोर जवळ ओढलं.

सोमवार, २४ तारीख

पोट. सकाळपासून ओकते आहे. घरात तिच्याखेरीज चार उरले आहेत असं म्हणते. एक खिडकीशी गाल बांधून उभा. नववं माणूस कोण ते तिला दिसत नाही, कपाटामागे आहे.

वडी! फडताळातली वडी. तेच मेण, अजून कुठे टांगलेलं नाही. त्याचं काळीज ओतून माझ्या नावाने टांगलं तर? काकांना विचारलं. म्हणाले असं कोणी केलेलं नाही. म्हटलं मग आता मी करते. काळजाचं मागणं आपल्यासारख्याच मेणाकडे जाईल, डोळ्यांकडे कशाला जाईल? काका म्हणाले, जाईल बहुतेक. मग म्हणाले, एक ऐकून ठेव. घंटेपर्यंत अंग टिकलं तर ते बरं होऊन जाईल. मध्येच अंगाने दगा दिला तर नंबर वाया, आणि ते पुढच्या मेणाकडे जाईल. पुढचं मेण म्हणजे धाकटी.

म्हणजे मला फक्त मरायचं नाहीये. एवढंच ना?

मंगळवार, २५ तारीख

पाऊल. लंगडते आहे, पण चहा तिनेच केला.

काळीज ओतलं. साच्यातून काढलं तर मधोमध तडा. पुन्हा वितळवलं, पुन्हा ओतलं. तडा, त्याच जागी. साचा बदलला. तडा. चौथ्यांदा मी म्हटलं जा उडत, आहे तसं टांगते. खिडकीवालीने विचारलं काय दुखतं. मी म्हटलं छाती. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. मग खोटं राहिलं नाही — जिना चढताना एक कळ आली, बारीकशी. ओळख करून द्यायला आल्यासारखी.

धाकटीला सांगितलं नाही.

बुधवार, २६ तारीख

जबडा. बोलता येत नाही म्हणून कागदावर लिहून दाखवते. लिहिलं, तू काय केलंस. कळलं तिला. कसं ते विचारू नये, ती बघते हल्ली.

घंटा झाली. गालवाला गेला, नमस्कार करून. जबडा सुटला. म्हणाली आता एकच. कपाटामागून बाहेर येत नाही. मी विचारलं बाई की पुरुष. तिने तोंड फिरवलं. रडत होती. सांग म्हटलं तर सांगत नाही —

मी शिव्या ठरवून ठेवल्या आहेत. मरताना इतका त्रास झाला तो दुसऱ्याला देताना लाज कशी नाही वाटत, असं विचारणार. येऊ दे.

गुरुवार, २७ तारीख

सकाळ, सहा. काही नाही. दोघी ठीक. धाकटी माझा हात धरून बसली आहे.

साडेसहा. आलं. माझ्याकडे! धाकटीकडे नाही, माझ्याकडे! छातीवर कोणी उखळ ठेवल्यासारखं — पण माझ्या छातीवर. जिंकले मी. बघितलंस? जिंकले.

आठ. काका आलेत, दाराशी बसलेत. डॉक्टरला बोलावलं होतं. तो गोळी देऊन गेला. तोंड पाडून गेला. गेला उडत.

साडेनऊ. लिहीत राहिलं की भान राहतं. धाकटीने शेवटी सांगितलं.

मुलगी आहे. पाचेक वर्षांची. म्हणून छोटा साचा. ओठ निळे आहेत म्हणे. आई-बाप कोणी बरोबर नाही. माझ्या गुडघ्याशी उभी आहे आणि माझा पदर धरलाय तिने. मी बघितलं — पदर ताणलेला आहे.

सगळ्या शिव्या — एकही आठवेना.

अकरा. देवा, तुला सांगते. धाप लागते म्हणून लिहून सांगते. एवढंसं पोर इतकी वर्षं कोपऱ्यात टांगून ठेवलंस? नंबर लावून? आई मेली असेल तिची वाट बघून, चिठ्ठी गळून गेली, आणि तू नियमावर बोट ठेवून बसलास? माझी चूक ती चूक. बरं झालं वितळवलं. शंभरदा वितळवीन.

दुपार. डावा हात बधिर. उजवा चालतो. जीव घाबरा होतो, मग येतो. धाकटी वारा घालते. म्हणते मुलगी विचारते आहे, तुम्हाला दुखतं का. नाही म्हणावं. बस म्हणावं इथे, मांडीवर.

बसली. जड नाही काही.

तीन — काळोखी आली होती. धाकटीने गालावर मारून उठवलं. चांगलं मारते. धाकटीचे डोळे सुजलेत. दिसतं ना तुला, विचारलं. दिसतं म्हणाली. मग झालं तर.

साडेचार. एक ठोका चुकतो. मग दोन. मी मोजते. मी आत्ता गेले तर ही धाकटीकडे — आणि हिचाही नंबर — दोघीही — नाही. नाही म्हणजे नाही. बसून राहीन. कोणाचा बाप मला इथून —

काका उठले. घंटेकडे जातात म्हणाले. वेळेआधी वाजवता येत नाही, पण दोरी धरून उभा राहतो म्हणाले. वेळ झाली की एक क्षण उशीर होऊ देणार नाही. इतकं बोलले काका.

पाच. अक्षर लागत नाही, असू दे. पोर हसली म्हणे. ओठ जरा —

पावणेसहा. अजून पंधरा मि —

धर घट्ट. मी धरलंय तुला. ऐक, मी सांगते तेव्हा — वाजली? धाकटी, वाजली का, मला ऐकू — घंटा! ताणलेला पदर सुटला